भरताचं चुकलं कुठे?

भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. राज्य आणि मुलंबाळं मागे ठेवून तो गंडकीच्या काठी पुलह ऋषींच्या आश्रमात जाऊन राहिला. एके दिवशी नदीवर पाणी पिणारी गाभण हरिणी सिंहाच्या डरकाळीने बिथरली. तिने जिवाच्या आकांताने उडी मारली आणि त्या उडीत पाडस गर्भातून सुटून नदीत पडलं. हरिणी मेली. वाहत चाललेलं पाडस भरताने उचललं, आश्रमात आणलं, वाढवलं. मग हळूहळू त्याचे नेम सुटले, पूजा राहू लागली, ध्यानाला बसला तरी पाडसच दिसू लागलं. मरतानाही डोळ्यांपुढे तेच होतं, म्हणून पुढचा जन्म हरणाचा आला.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तुळशीची माळ आहे. वडील कीर्तनाला जात आणि मलाही नेत. ही कथा मी अनेक बुवांच्या तोंडून ऐकली आणि प्रत्येकाने तिचा अर्थ एकच सांगितला: मोह दयेचं रूप घेऊनही येतो, सावध राहा. आता साठी ओलांडल्यावर ती कथा माझ्याच दारात येऊन उभी राहिली आहे. कारण आई नसलेली मांजराची पिल्लं मी हाताने वाढवते आणि ती खाती-पिती झाली की घरं पाहून देते. नोकरीत होते तेव्हा पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या नवजात कक्षात नर्स होते. मुठीएवढा जीव कसा धरायचा ते हातांना ठाऊक आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. कर्वेनगरच्या आमच्या घराची एक खोली आता बहुतेक वर्षभर पिल्लांची असते.

एका एकादशीला भजन संपल्यावर मंडळातल्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘ताई, एवढा जीव लावता या पिल्लांना. भरताचं काय झालं ते ठाऊक आहे ना?’ तिने चेष्टा केली नव्हती. तिला माझी खरोखर काळजी वाटत होती, आणि ज्या परंपरेत आम्ही दोघी वाढलो तिच्यात हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी तिला तेव्हा दिलं नाही. ते इथे देते.

आधी काम काय असतं ते सांगायला हवं. मांजराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. डोळे मिटलेले आणि कान बंद. डोळे उघडायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिले तीन-चार आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. शी-शूसुद्धा आईच्या चाटण्याशिवाय होत नाही. आई नसेल तर दर वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसून ती करवून घ्यावी लागते. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीही. गाईचं दूध चालत नाही. त्यातलं लॅक्टोज पिल्लाला पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा शरीरातलं पाणी पाहता पाहता संपतं. पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते, ती कोमट पाण्यात कालवून द्यायची. पिल्लू गार पडलेलं असेल तर आधी ऊब आणि मगच दूध, कारण थंड पडलेल्या पोटात दूध पचत नाही. पाजताना ते पालथं हवं, आईच्या कुशीत पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून बोळ्याने दूध पाजलं की ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. फार प्रेमाने पाजलेली कितीतरी पिल्लं अशी जातात.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आमच्याकडे पिल्लांसाठी आहे. रोज सकाळी वजन वहीत लिहायचं. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमने आकडा चढला तर ठीक. एक दिवस तो जागचा हलला नाही तर लक्ष वाढवायचं, उतरला तर डॉक्टरांकडे जायचं. पिल्लू खेळतंय, गोड दिसतंय, यावर विसंबायचं नाही. नवजात कक्षातही आम्हाला हेच शिकवलं होतं. बाळाकडे पाहून ऊर भरून येणं स्वाभाविक आहे, पण इन्क्युबेटरचं तापमान त्या भरून आलेल्या उराला विचारून ठरत नाही.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णव आचार्यांत शरणागतीबद्दल एक जुना वाद आहे आणि त्यात मांजर आहे. वेदान्तदेशिकांच्या वडकलै पंथाला माकडाच्या पिल्लाचा दृष्टान्त मान्य: पिल्लाने आईच्या पोटाला घट्ट धरावं, तसा जिवाने स्वतः प्रयत्न करावा. पिळ्ळै लोकाचार्यांच्या तेंकलै पंथाला मांजराच्या पिल्लाचा: पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तसं सारं देवावर सोपवावं. हा दृष्टान्त देणाऱ्यांनी मांजरी नीट पाहिलेली होती. मानेवरची सैल कातडी आईच्या तोंडात आली की पिल्लू पाय पोटाशी घेतं आणि खरोखरच निश्चल होतं.

पण या दोन्ही दृष्टान्तांत आई आहे. माझ्याकडे येणाऱ्या पिल्लाला ती नसते. ते मला शरण आलेलं नसतं, आणि मी काही त्याची देव नाही. ते भुकेने आणि थंडीने ओरडत असतं, एवढंच. आमच्या दोघांमध्ये फक्त त्याची गरज असते. ती गरज कोणती, हे त्याच्या शरीराने ठरलेलं आहे. मला काय पाजावंसं वाटतं, कसं धरावंसं वाटतं, याला तिथे किंमत नाही. या कामाने मला एक गोष्ट शिकवली, आणि भरताच्या कथेची किल्लीही मला तीच वाटते: दयेची कसोटी दया करणाऱ्याच्या मनात लागत नाही, ज्याच्यावर दया करायची त्या जिवाच्या ठिकाणी लागते. आपलं मन किती कळवळलं यावरून दया मोजली की ती बिघडते.

पहिली कसोटी तर पिल्लू घरी येण्याआधीच लागते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये अहिंसा येते आणि माउलींनी तिच्यावर पुष्कळ ओव्या खर्च केल्या आहेत. अहिंसा बाणलेला माणूस जमिनीवर पाऊल कसं टाकतो हे सांगताना त्यांनी पिल्लाला मायेने तोंडात धरणाऱ्या आईचा दाखला दिला आहे. दात तेच, पण पिल्लाला ते रुतत नाहीत. असं धरणं कुठल्याही माणसाच्या हाताला जमत नाही. म्हणून माझ्या घरातली सगळ्यात चांगली व्यवस्थासुद्धा दुसऱ्या क्रमांकाची आहे. पहिला क्रमांक आईचा.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात, आणि त्यात निरीक्षण आहे. व्यालेली मांजरी जागा बदलत राहते आणि पिल्लं एकेक करून नेते. त्या मधल्या वेळात एखादं-दुसरं पिल्लू जिन्याखाली किंवा स्कूटरच्या आडोशाला एकटं दिसतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, टाकलेलं आहे. तो चपलांच्या खोक्यात घालून घेऊन येतो. थोड्या वेळाने मांजरी परत येते आणि रात्रभर त्या जागेवर हाका मारत फिरते. पेठांमध्ये वाडे पाडले जात आहेत, कर्वेनगर-कोथरूडच्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. माळ्यावर, पंपाच्या खोलीत, जुन्या फर्निचरमागे व्यालेल्या मांजरी अशा वेळी उघड्यावर येतात आणि पिल्लं उचलून आणण्याचे प्रसंग वाढतात. फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो, ‘पिल्लाचं अंग उबदार आहे का, आणि पोट भरलेलं दिसतं का?’ दोन्हींना हो असं उत्तर आलं तर मी सांगते, ‘हात लावू नका. लांब उभे राहा, काही तास वाट पाहा.’ पलीकडचा माणूस कधी कधी दुखावतो. त्याला दया आलेली असते आणि मी त्याला काहीही न करायला सांगत असते. पण पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर त्या क्षणी काही न करणं हीच दया आहे.

दुसरी कसोटी माझ्यासाठी सगळ्यात अवघड. मी माळकरी. घरात अंडंही आणलेलं नव्हतं. मांजर मात्र मांसावर जगणारा प्राणी आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते मांसात आणि माशांत असतं. वरण-भातात आणि पोळीत नसतं, गाईच्या दुधात अगदी नगण्य. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा झडतो, हे १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. हृदयाचे स्नायू ढिले पडून हृदय फुगतं, हे १९८७ मध्ये. पुण्यात कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मांजराला दूध-पोळी घातली. त्यातली मांजरं जगली ती आपल्या दूध-पोळीवर नव्हे. वाड्यातले उंदीर, पाली, चिमण्या खाऊन जगली. दाराला जाळी असलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मांजराला ती सोय नाही. चौथ्या आठवड्यानंतर पिल्लू दुधावरून अन्नावर येऊ लागतं तेव्हा त्याच्यापुढे मांस ठेवावंच लागतं. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन, आणि पिल्लांसाठीचं तयार खाद्य. कांदा-लसूण तर मांजराला विषच.

हे करताना मला सगळ्यात जास्त अडवलं ते पुन्हा माउलींनी. त्याच तेराव्या अध्यायात, अहिंसेच्या नावाने होणाऱ्या हिंसेवर ते बोट ठेवतात. फांद्या तोडून त्यांचं कुंपण झाडाच्या बुंध्याला करावं, किंवा देऊळ मोडून त्याच्या दगडांनी देवाला आवार बांधावं, तसं हे आहे असं ते म्हणतात. रोग्याला वाचवण्यासाठी इतर जीव उपटणाऱ्या औषधोपचारालाही ते सोडत नाहीत. मी तर एका पिल्लासाठी कोंबडी उकडते. ते दाखले माझ्यासाठीच लिहिले असावेत असं वाटावं, इतके ते नेमके आहेत. जैन परंपरेत तेरापंथाचे संस्थापक आचार्य भिक्षु (१७२६–१८०३) यांनी याहून कठोर भूमिका घेतली. जीव वाचवणं हा संसारातला उपकार झाला, आत्म्याचा धर्म म्हणजे स्वतः हिंसा न करणं; या दोन गोष्टी एक समजू नका, असं त्यांनी बजावलं. त्याच जैन समाजाने गावोगावी पांजरपोळ बांधून अपंग आणि म्हाताऱ्या जनावरांना आयुष्यभर पोसलं आहे. म्हणजे हा पेच माझ्या एकटीचा नाही.

मी यातून वाट काढली ती अशी. मी जे करते त्याला अहिंसा म्हणत नाही. कोंबडीच्या बाजूने पाहिलं तर ती हिंसाच आहे. दुकानातलं उरलंसुरलं घेते म्हणून माझा वाटा कमी, असला हिशेबही मी मांडत नाही. दोष आहे आणि तो माझा आहे, पिल्लाचा नाही. पिल्लाची भूक पाप नाही. त्याला निवड करता येत नाही, मला येते. माझं सोवळं राखण्यासाठी त्याला दूध-पोळीवर ठेवून हळूहळू आंधळं करायचं, की त्याला त्याचं अन्न देऊन दोष पत्करायचा, एवढाच प्रश्न उरतो. त्यात मी दुसरं निवडलं. माझ्या माळेचा नेम माझ्या जिभेला आहे. तो मांजराच्या गळ्यात घालण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. घरात भांडी वेगळी आहेत, शेगडी वेगळी आहे, वारी चुकलेली नाही. आणि मनातली टोचणी गेलेली नाही. ती जाऊ नये असंच मला वाटतं, कारण ती गेली तर कोंबडीचा जीव माझ्या लेखी संपेल.

चिकन आणायला लागले तेव्हा गळ्यातली माळ पाहून दुकानाचे मालक आश्चर्याने थांबले. कशासाठी हवंय ते कळल्यावर त्यांनी हाडं काढून बारीक तुकडे करून दिले आणि एक हदीस सांगितली. बुखारींच्या संग्रहात ती आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं. तिने त्याला खायलाही घातलं नाही आणि बाहेर जाऊन किडामुंगी धरून खाईल म्हणून मोकळंही सोडलं नाही. ते मेलं आणि त्यासाठी ती बाई नरकात गेली. ‘ताई,’ ते म्हणाले, ‘बांधून ठेवलं तर त्याचं खाणं आपल्या डोक्यावर.’ तेरापंथी आचार्यांच्या कठोर प्रश्नाला मला मिळालेलं सगळ्यात सरळ उत्तर हे आहे. मोकळ्या मांजरीच्या शिकारीचा हिशेब माझ्याकडे नाही. पण दाराला जाळी लावली त्या दिवसापासून तिच्या ताटलीत काय आहे, याचा जाब मला द्यायचा आहे.

मृत्यूबद्दलही बोललं पाहिजे. हाताने वाढवलेली सगळी पिल्लं जगत नाहीत. काही आली तेव्हाच फार उशीर झालेला असतो, काही चांगली वाढता वाढता एका रात्रीत विझतात. सगळ्यात मोठी भीती पॅनल्यूकोपेनियाची. मांजरांचा हा विषाणू लस न झालेल्या पिल्लांत झपाट्याने पसरतो आणि त्यांच्या पांढऱ्या पेशीच संपवतो. खोलीत तो कित्येक महिने, वर्षभरही टिकतो. साध्या फिनाइलने तो मरत नाही, शिवाय फिनाइल मांजरांना स्वतःच विषारी आहे; ब्लीच लागतं. म्हणून घरात हा आजार येऊन गेला की त्या खोलीत लस न झालेलं नवं पिल्लू घ्यायचं नाही. फोन येत राहतात, लोक रडतात, पावसात भिजलेल्या पिल्लांचे फोटो पाठवतात, आणि मी नाही म्हणते. ऐकणाऱ्याला मी निष्ठुर वाटते. पण त्या खोलीत आणलेलं पिल्लू वाचवलेलं नसेल, मरणाच्या दारात नेऊन ठेवलेलं असेल. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातलं एक वासरू असाध्य वेदनांनी तळमळत होतं. गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देऊन मरण दिलं. त्यांना संतापाची पत्रं आली. त्यांच्या निर्णयावर आजही दुमत होऊ शकतं, पण त्यांनी प्रश्न योग्य जागी नेऊन ठेवला होता: वासराच्या ठिकाणी.

तिसरी कसोटी देऊन टाकण्याची, आणि इथे भरत पुन्हा भेटतो.

मांजराचं पिल्लू दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जग ओळखायला शिकतं. त्या काळात ज्यांचे हात लागतात, ज्यांचे आवाज कानावर पडतात, ती माणसं त्याला पुढे आपली वाटतात. मी त्याला फक्त माझ्याच मांडीवर वाढवलं तर ते माझंच होईल आणि इतर प्रत्येक माणसाला घाबरेल. म्हणून त्या आठवड्यांत शेजारची मुलं येतात, भाचा येतो, भजनी मंडळातल्या बायका येतात. मिक्सर लावायचा, प्रेशर कुकरची शिट्टी होऊ द्यायची, टीव्ही चालू ठेवायचा. एकट्या पिल्लाला वयाचा जोडीदार आणून द्यायचा, कारण किती जोरात चावलं की दुखतं हे पिल्लू भावंडांकडूनच शिकतं. म्हणजे ज्या दिवसांत माझा जीव सगळ्यात जास्त गुंतत असतो, त्याच दिवसांत माझं काम ते पिल्लू माझ्याशिवाय राहू शकेल असं घडवणं हे असतं.

आता भरताचं मन पाहा. भागवतात ते उघडून दाखवलं आहे. या पाडसाला माझ्याशिवाय कुणी नाही, मीच याची आई, मीच बाप, मीच याचा कळप, असं तो मानतो. पाडस मोठं होतं, चरायला लागतं, तरी त्याची चिंता संपत नाही. ते दृष्टीआड झालं की तो व्याकूळ होतो. मला इथे भरताचं चुकलेलं दिसतं. पाण्यातून पाडस काढण्यात त्याचं चुकलं नाही. त्याला गवत घालण्यातही नाही. हरणाचा कळप हरणांचा असतो आणि तो अरण्यात असतो, हे तो विसरला. पाडसाला हरीण होऊ देणं हे त्याच्या दयेचं पुढचं पाऊल होतं आणि ते त्याने टाकलं नाही. दया पाडसासाठी सुरू झाली आणि वाटेत कुठेतरी भरतासाठी चालू राहिली.

याला भागवतातच आधार आहे, फक्त कीर्तनात तो भाग पुढे कुठेतरी येतो आणि दोन्ही जोडून कुणी सांगत नाही. हरणाचा जन्म संपल्यावर भरत तिसऱ्या जन्मी जडभरत झाला. आता तो कुणात गुंतत नाही, जड-मूढासारखा राहतो. राजा रहूगणाच्या पालखीला भोई कमी पडतो तेव्हा त्याला धरून जुंपतात. पण पालखी हिंदकळू लागते. कारण पायाखाली जीव येऊ नये म्हणून जडभरत पुढची जमीन पाहत, पाऊल जपून टाकत चालतो आणि बाकीच्या भोयांशी त्याची चाल जुळत नाही. राजा त्याला टाकून बोलतो, आणि तिथून त्यांचा थोर संवाद सुरू होतो. दयेनेच त्याचा घात झाला असता तर हरणाच्या जन्माची शिक्षा भोगून शहाणा झालेल्या माणसाने ती आधी टाकली असती. तिसऱ्या जन्मी त्याने ममत्व टाकलं. दया ठेवली, आणि ती एका पाडसावरून वाटेतल्या प्रत्येक जिवापर्यंत गेली.

म्हणून मैत्रिणीला माझं उत्तर असं: जीव लावायचाच. हातचं राखून लावलेल्या जिवाने पिल्लू वाचत नाही. रात्री दोन वाजता उठायला खरीच माया लागते. पण ती माया कुठे पोहोचवायची आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं. घर देताना मी चौकशी करते. घरातल्या सगळ्यांची इच्छा आहे का? खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी आहे का? मांजर पडलं तरी पायांवर उतरतं म्हणून लोक निश्चिंत असतात. उंचावरून पडलेल्या मांजरांचे जबडे आणि छाती फुटलेली डॉक्टर दाखवतील. घरात बाळ येणार असेल तेव्हा काय करणार? बदली झाली तर? लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची तीन महिन्यांनंतर. हे करणार का? उत्तरं पटली तर पिल्लू जातं. त्या संध्याकाळी मी हरिपाठ मोठ्याने म्हणते, कारण घशात दाटलेलं असतं. ते दाटणं मोह नाही. पिल्लू परत मागावंसं वाटलं, तर तो मोह.

चौथी गोष्ट नसबंदीची, आणि इथे माझ्याच कसोटीवर मी अडखळते. समोरच्या जिवाचा स्वभाव ओळखावा असं मी म्हणत आले. पिल्लं होणं हा मांजरीचा स्वभावच आहे, आणि मी तो कापून टाकायला सांगते. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. दोन महिन्यांत विते, दूध तोडायच्या आतच पुन्हा गाभण राहते. रानात हे चालत असेल. शहरात त्या पिल्लांच्या वाट्याला गाड्यांची चाकं, कुत्री, पाणी भरलेली तळघरं आणि पॅनल्यूकोपेनिया येतो. मांजर हजारो वर्षांपूर्वी माणसाच्या धान्याजवळ आलं आणि राहिलं. आता अरण्य त्याच्या मागे उरलेलं नाही आणि शहरात त्याला जागा नाही. या स्थितीला आपण जबाबदार आहोत, म्हणून पुढच्या विणीतली मरणं थांबवणं आपल्याकडे येतं. मी याला दया म्हणत नाही, कारण मांजरीने ते मागितलेलं नाही. याला मी कर्तव्य म्हणते. दयेला गोड वाटावं असं त्यात काही नाही, तरी ते करायचं.

पुण्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. पिल्लू एकटं दिसलं तर आधी आईची वाट पाहा. ते गार असेल, ओलं असेल, अंगाला मुंग्या लागल्या असतील तर मात्र थांबू नका. आधी ऊब द्या, गाईचं दूध पाजू नका आणि पशुवैद्यांना गाठा. औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, रेस्क्यू आणि ब्लू क्रॉससारख्या संस्था शहरात आहेत. नको असलेली पिल्लं देवळाच्या आवारात किंवा गणेश पेठेच्या मासळी बाजारात ‘तिथे खायला मिळेल’ म्हणून सोडू नका. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि देवळात सोडल्याने तो पुण्य होत नाही. पिल्लू घरी न्यायचं असेल तर त्याचं अन्न त्याला द्या; ते जमणार नसेल तर नेऊ नका. आणि घरात किंवा सोसायटीत मांजरी असेल, तर तिची नसबंदी पुढच्या विणीच्या आत करून घ्या.